पगार 5 हजार जास्त, हातात फक्त 800 जास्त?

उद्यमबागकर: मी आणि माझा दोस्त एकाच दिवशी क्वालिटीला लागलो. एप्रिल 2025 ला मला त्याच्यापेक्षा 5 हजार जास्त वाढ मिळाली, म्हणून डिपार्टमेंटला कुंदा, आमची बेळगावची मिठाई, वाटला. 950 रुपये गेले. त्याचा ग्रॉस 1,05,000. पीएफ 6,300 आणि वृत्ती तेरिगे (म्हणजे व्यवसाय कर) 200 कापून त्याच्या हातात 98,500. माझा 1,10,000. पीएफ 6,600, तेरिगे तेवढीच, खरं टीडीएस, म्हणजे पगारातनंच कापलेला आयकर, 3,900! हातात 99,300. त्याला टीडीएस शून्य. दोघंही आयकराच्या नव्या रिजीममध्येच आहोत. अकाउंट्सवाल्यानं घोळ घातलाय काय?

खानापूरचा पाव्हणा: 12 लाख ओलांडलंस की सगळ्या पगारावर 15 टक्के बसतात. वाढ नको म्हणून सांगायचं होतंस.

टिळकवाडीचे काका: पाव्हणं, तसं नसतंय ओ. पहिल्या 4 लाखांना काही नाही, पुढच्या 4 ला 5 टक्के, त्यापुढच्या 4 ला 10, आणि 12 च्या वर जेवढं जाईल तेवढ्यालाच 15.

उद्यमबागकर, तुमचे वर्षाचे 13,20,000. स्टँडर्ड डिडक्शनचे 75,000 वजा केले की 12,45,000. दोस्ताचे 11,85,000. कर त्यालाही बसतो, 58,500. खरं 12 लाखांच्या आत असल्यामुळं कलम 87ए खाली तो सगळा माफ होतो. तुम्ही 45,000 नं बाहेर पडलात, माफी गेली. सरळ हिशोबानं 66,750 बसले असते. मार्जिनल रिलीफमुळं (12 लाखांच्या वर जेवढं गेलं, त्यापेक्षा कर जास्त होत नाही) ते 45,000 वर अडले, वर 4 टक्के सेस 1,800. झाले 46,800, त्याला 12 नं भागा. म्हणजे अकाउंट्सवाला बरोबर आहे, त्याच्या टेबलावर जाऊन भांडू नका. (36 वर्षं त्या खुर्चीत बसून शिव्या खाल्ल्यात, म्हणून सांगतो.) पीएफचे 300 तुमचेच आहेत, कंपनीही तेवढेच घालते.

शिनोळी अप-डाऊन: तेरिगेवरनं आठवलं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. आमच्याकडं 18,000 पगाराच्या गड्याचेही महिन्याला 200 जातात. बायकांना 25,000 पर्यंत माफ आहे. तुमच्या कर्नाटकातल्या उद्यमबागेत 25,000 च्या आत कुणाचंच काही जात नाही. राहतो बेळगावात, खरं व्यवसाय कर मुंबईला!

उद्यमबागकर: काका, पटलं. खरं आता करायचं काय?

टिळकवाडीचे काका: कंपनीला विचारा, वर्षाचे 45,000 पगारात न देता कंपनीच्या हिश्श्यातनं एनपीएसला (राष्ट्रीय पेन्शन योजनेला) भरता काय. नव्या रिजीममध्येही बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत ते वजा होतं. पीएफवरनं तुमचं बेसिक 55,000 दिसतंय, म्हणजे भरपूर जागा आहे. उत्पन्न बरोबर 12 लाखांवर येतं, कर शून्य. हातात 99,450, म्हणजे आत्तापेक्षा 150 जास्तच, आणि एनपीएसमध्ये महिन्याला 3,750 वेगळे. फक्त ते पैसे बरीच वर्षं अडकतात. पोरांच्या फीसाठी वगैरे लागणार असतील तर नीट विचार करा.

उद्यमबागकर: एचआरला विचारून आलो. स्ट्रक्चर पुढच्या एप्रिललाच बदलणार म्हणे. दोस्ताला सगळा हिशोब दाखवला, तर तो म्हणतोय अजून एकदा कुंदा आण.