गाडीचं 'परत घेऊन या' पत्र तुम्हाला कधी आलंय का? (अनुभव धागा)

मोरपंखी
काल आईकडे माळा आवरत होते. रद्दीच्या ढिगात, लाइट बिलं आणि लग्नपत्रिकांच्या मधे, एक न फोडलेलं पाकीट निघालं. बाबांच्या नावाचं, गाडीच्या कंपनीकडून. बाबांना वाटलं असणार, आली पुन्हा एक्स्चेंज ऑफरची जाहिरात. फोडलं तर आत लिहिलेलं की पुढची एअरबॅग सदोष असू शकते, लवकरात लवकर विनामूल्य बदलून घ्या. तारीख २०१८ ची.
गाडी आम्ही विकली २०२१ मधे. तीन वर्षं बाबा त्याच एअरबॅगसमोर बसून रोज मंडईत जायचे आणि शेजारच्या सीटवर माझी लेक. नंतर एजंटमार्फत ती चिपळूणच्या एका गृहस्थांकडे गेली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
तुम्हाला असं पत्र आलं का? काय केलंत? आणि त्या माणसाला मी आता शोधू कशी?

टेक्सासचा तात्या
आलं ना. आम्ही ह्यूस्टनजवळ, २०१६ ची गोष्ट. डीलर म्हणाला पार्ट शिल्लक नाही, यादीत नाव घालतो, तोवर ड्रायव्हरशेजारी कुणाला बसवू नका. पाच महिने बायको मागे आणि मी पुढे एकटा. गणपतीला मंडळात उतरलो तर एक जण म्हणतो, वहिनी, ड्रायव्हर बरा मिळालाय. पार्ट आल्यावर म्हटलं ये आता पुढे, तर म्हणे नको, मागून तुझं ड्रायव्हिंग दिसत नाही, बरं असतं.

नानबा
तात्या 😂😂

यंत्रमागे
ताई, हे टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीचं प्रकरण दिसतंय. गाडी कुठल्या कंपनीची याने फारसा फरक पडत नाही, त्यांच्या डब्या जगभरच्या बऱ्याच कंपन्यांनी लावल्या होत्या. एअरबॅग फुगवायला त्यांच्या धातूच्या डबीत अमोनियम नायट्रेटचं इंधन असतं. दमट हवा आणि दिवसरात्रीचं कमीजास्त तापमान वर्षानुवर्षं खाल्लं की ते खराब होतं, मग ठरल्यापेक्षा फार वेगाने जळतं आणि पिशवी फुगायच्या ऐवजी डबीच फुटते. पत्र्याचे तुकडे थेट तोंडावर. किरकोळ धडकेतही माणसं गेली आहेत त्याने. म्हणून अमेरिकेत फ्लोरिडा, टेक्सास, हवाईसारख्या दमट राज्यांना आधी प्राधान्य दिलं. एकट्या अमेरिकेत जवळपास ६ कोटी ७० लाख डब्या बदलायच्या होत्या. टाकाटा २०१७ च्या जूनमधे दिवाळखोरीत गेली.
चिपळूणचा पावसाळा आणि जुनी गाडी. शोधाच त्यांना.

मोरपंखी
बापरे. आता तर अजूनच.

चाळकरी
मला मेसेज आला होता. 'आपल्या वाहनात दोष आढळला आहे, खालील लिंकवर...' म्हटलं हा फ्रॉडच. डिलीट केला. सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, काका, तुमचा फ्युएल पंप बदलायचा पेंडिंग दिसतोय. तासाभरात बदलला, त्याचे पैसे शून्य. पण बिलात खाली वॉशिंग, अलाइनमेंट आणि 'एसी डिसइन्फेक्शन' मिळून १,८५०. एसीने काय घोडं मारलं होतं?

सुगरणीचा खोपा
एसीवरून आठवलं, आमच्या गाडीत उंदीर शिरलाय. वायरी कुरतडल्या, दोनदा. कुणाला उपाय माहितीये? (विषयांतर, माफी)

नानबा
डांबरगोळ्या.

चाळकरी
डांबरगोळ्यांना उंदीर हसतात. तंबाखूची पुरचुंडी बांधा बॉनेटमधे.

अनघा_पी
धाग्याच्या विषयावर येते. आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते कळतं. १७ अक्षरं-आकडे असतात. मी टाकला, 'नोंद सापडली नाही'. मी खूश, चहा टाकला. नवऱ्याने मागून येऊन बघितलं आणि म्हणाला तू हा ओ का टाकलायस? त्या नंबरात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात म्हणे, एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून. शून्य टाकलं, लगेच लाल अक्षरांत पेंडिंग. चहा गार.

सुगरणीचा खोपा
@अनघा हे माहीतच नव्हतं! लगेच बघते आमचा. तंबाखू ठेवली, आता गाडीत बसलं की सासरे शिंकतात.

गुळाचा गणपती
जुलै २०२३ मधे मारुतीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या होत्या, स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी. भावाची ईको दुधाच्या लायनीवर. पेपरात वाचलं आणि पहाटे साडेचारला त्याला फोन, किटल्या भरत होता. बातमीत १५ फेब्रुवारी २०२३ पर्यंत बनलेल्या गाड्या म्हटलेलं, त्याची मार्चमधली निघाली. वर मलाच शिव्या, सकाळी सकाळी घाबरवतो म्हणून.

जुनापुराणा
सेकंडहँडवाल्यांचे हाल विचारू नका. माझी गाडी तिसऱ्या हातातली. सगळी पत्रं पहिल्या मालकाच्या कोथरूडच्या पत्त्यावर, आणि ते कधीचे बंगळूरला. मला कळलं ते टोलच्या रांगेत, शेजारच्या सेम मॉडेलवाल्याने काच खाली करून विचारलं, तुमचं बदलून झालं का? म्हटलं काय? तेवढ्यात त्याची रांग सरकली. पुढचे चाळीस किलोमीटर मी त्याच्या मागे.

काळा कोट
कायद्याचं थोडक्यात, कोर्टाबाहेर उभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून. त्याआधी सगळं कंपनीच्या मर्जीवर. आता पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण गाडी सात वर्षांच्या आतली हवी. ताईंची त्यात बसत नाही, तरी कंपनीने स्वतः बोलावलेली असेल तर चौकशी करा, उशीर झाला म्हणून सहसा नाही म्हणत नाहीत. पुकारा झाला, पळतो.

नानबा
आणि ज्या देशात लोक सीटबेल्टचा आवाज बंद करायला नुसतं बक्कल विकत घेतात, तिथे एअरबॅगचं पत्र कोण फोडणार?

चाळकरी
नानबा, ते बक्कल तुझ्याच गाडीत पाहिलंय मी.

नानबा
काढलं ते. गेल्या आठवड्यात. खरंच.

मोरपंखी
अपडेट! एजंटकडे नंबर मिळाला. चिपळूणच्या काकांनी गाडी मेहुण्यांना दिली, ती आता देवरुखला. मी फोन केला तर त्यांना वाटलं विमा विकतेय, दोनदा कापला. तिसऱ्यांदा आईने लावला. "अहो, मी त्या गाडीच्या आधीच्या मालकीणबाई बोलतेय," म्हटल्यावर ऐकलं बिचाऱ्यांनी. आईने पत्र पूर्ण वाचून दाखवलं, पिनकोडसकट. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "डाव्या मागच्या दाराची काच वर जात नाही, ती पण कंपनी बदलून देते का हो?"
ती काच २०१५ पासून जात नाही. आई गप्प बसली. सोमवारी नेतायत गाडी रत्नागिरीला.

सुगरणीचा खोपा
मस्त काम केलंत ताई!
आमचा नंबर यादीत नाही. उंदीर आहे.