तंजावरात राजा असताना कलेक्टर कसा काय?

भटक्या_पुणे:
मागच्या महिन्यात तंजावर केलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा तो लांबलचक मराठी शिलालेख बघून काटाच आला अंगावर. गाइड सांगत होता की मराठ्यांचं राज्य १८५५ पर्यंत होतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तंजावर हा मद्रास इलाख्याचा जिल्हा आणि तिथे कलेक्टर होता असंही वाचलंय. मग खरं काय? आणि राज्य गेल्यावर आपली माणसं परत का नाही आली?

मोडीवाला:
दोन्ही खरं, पण गाइडने गोड भाग तेवढा सांगितला :) १७९९ ला तिथले राजे दुसरे सरफोजी यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला, त्यात सगळा मुलूख कंपनीकडे गेला आणि त्याचाच जिल्हा झाला. राजाकडे उरला किल्ला आणि आसपासचा थोडा भाग, वर वर्षाला १ लाख पॅगोडा (तेव्हाचं सोन्याचं नाणं) आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. कावेरीचं भातखाचर ते, कंपनी सोडतेय होय! तंजावरची सरस्वती महाल लायब्ररी सरफोजींनी एवढी वाढवली तीही राज्य हातात नसतानाच. १८५५ ला शिवाजीराजे (आपले नव्हेत, सरफोजींचे चिरंजीव) मुलगा नसताना वारले आणि कंपनीने उरलंसुरलंही खालसा केलं. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या, प्रकरण पार लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (तेव्हाचं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) पोचलं, तिथे १८५९ मध्ये सांगितलं की हे सरकारी कृत्य, कोर्टाला यात पडता येत नाही. झालं!

कावेरीकाठ:
शिवाय तंजावरचा सगळा किनारा तरी कुठे एकाचा होता. तरंगमबाडी १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे, नागपट्टणम आधी डचांचं, आणि कारैकल तर इंग्रज गेल्यावरही फ्रेंचांकडेच.

कुंभकोणम_राव:
परत का नाही आली ते मी सांगतो, आमचंच घर आहे ते. अहो परत म्हणजे कुठे? व्यंकोजीराजे (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ) तंजावरला आले १६७५ च्या सुमारास, १८५५ पर्यंत पावणेदोनशे वर्षं झाली होती. आणि नोकऱ्या कुठे गेल्या होत्या? राजा गेला तरी हिशेब, वसूल, दफ्तर हे काम येणारी माणसं कंपनीलाही हवीच होती, मग दरबारचे कारकून कचेरीत शिरस्तेदार (दफ्तराचे मुख्य कारकून), ताशिलदार झाले. सर टी. माधवराव कुंभकोणमचेच, त्रावणकोर, इंदूर, बडोदा तिन्हीकडे दिवाण. आमच्याकडे अजून घरात मराठी, दारात तमिळ, आणि आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.

भटक्या_पुणे:
राव, मी नाही हसणार, पुढच्या खेपेला कुंभकोणमला येतोच. पण सांबार संभाजीराजांच्या नावावरून पडलं हे तरी खरं ना?

मोडीवाला:
त्याचा कागद दाखव, मग बोलू.