‘डिफरंट ट्रेन्स’ बसवताना लय सुटते

प्रश्न: आमचे स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांचा संच) अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांची १९८८ सालची ‘डिफरंट ट्रेन्स’ ही रचना बसवत आहे, पण सोबत वाजणाऱ्या फितीवरच्या (टेपवरच्या) मुद्रित बोलण्याची लय बदलते तिथे आम्ही दर वेळी मागे पडतो. यावर उपाय काय?

प्रतिसाद: राइश यांनी माणसांच्या बोलण्यातले तुकडे सॅम्पलिंग कीबोर्डवर (मुद्रित आवाज पट्ट्या दाबून वाजवता येतो अशा वाद्यावर) घेऊन त्यांतल्या चढउतारांवरून वाद्यांचे सूर लिहिले, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची लय ज्याची त्याची आहे आणि ती एकदम बदलते. म्हणून वाद्ये खाली ठेवून ती वाक्ये आधी तोंडाने म्हणा. स्त्रीच्या आवाजाला सहसा व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) आणि पुरुषाच्या आवाजाला त्याहून खर्जातला चेलो साथ करतो; त्या दोघांना बोलण्याचा हेल साधला, की व्हायोलिनवाल्यांचे काम निम्म्याने हलके होते.

प्रतिसाद: फितीवर आणखी तीन क्वार्टेट आधीच मुद्रित आहेत, हे विसरू नका. ध्वनिवर्धक न लावता वाजवाल तर तुमचा नाद त्यांत बुडेल आणि एकमेकांचे ऐकूही येणार नाही. मॉनिटर (वादकांना ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) चेलोवादकाच्या अगदी पायाशी ठेवा.

प्रश्नकर्ता: आज वाक्ये म्हणून पाहिली. ‘फ्रॉम शिकागो टू न्यूयॉर्क’ हे पहिल्यांदाच बरोबर समेवर आले.