'एव्हरीमॅन', 'पुण्याई' आणि 'नीतिनाट्य'

इंग्रजीतील 'एव्हरीमॅन' हे पंधराव्या शतकाच्या अखेरचे, गुण-अवगुण आणि कल्पना यांनाच पात्रे करून नीती सांगणारे नाटक असून 1913 साली अमेरिकेत त्याचा मूकपट झाला. या मूकपटाच्या पाट्या मराठीत करायच्या तर शीर्षकासाठी 'सामान्य माणूस' हा पर्याय सुचवला जातो, पण तो मला मुळीच पटत नाही. नाटकातला नायक चांगला धनवान आहे. मृत्यू बोलावणे घेऊन आल्यावर 'हजार पौंड घे, पण आजचे मरण पुढे ढकल' अशी विनवणी तो करतो आणि वृत्तपत्रांतल्या 'सामान्य माणसा'जवळ एवढी रक्कम नसते. 'सर्वजण' हा शब्दही चालणार नाही, कारण त्याचे क्रियापद अनेकवचनी होते. सर्वजण गेले, पण प्रत्येकजण गेला. मृत्यू एकेकालाच गाठतो, आणि ही गोष्ट 'प्रत्येकजण' या शब्दाचे एकवचन आपोआप सांगून जाते, म्हणून मी तोच शब्द घेईन. याच्याशी अगदी जुळणाऱ्या डच नाटकाच्या नावाचा अर्थही 'हरएक' असाच आहे. 'प्रत्येकजणा, थांब' असे संबोधन कानाला खटकते, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु मूकपटात हाक कोणाला ऐकू येत नाही आणि पडद्यावर संवाद दाखवणाऱ्या मजकुराच्या पाटीवर नुसते 'थांब' लिहिले तरी भागते.

पात्रांच्या नावांत मात्र मराठीला खरा वाव आहे. नायकासोबत मृत्यूच्या वाटेवर जायला नकार देणाऱ्या नातलगांसाठी 'गणगोत' यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही. त्यांच्यातला चुलत भाऊ तर पायाच्या बोटात वांब आल्याची सबब सांगतो, आणि पडद्यावर हे एका शब्दाविना दाखवता येते. नायकाची सत्कृत्ये त्याच्या पापांच्या भाराने जमिनीला खिळून पडलेली असतात, त्यांना उठताही येत नाही; तरी शेवटी थडग्यात त्याच्याबरोबर तीच उतरतात. या पात्राला 'सत्कर्म' म्हणावे, असे बहुतेकांना वाटेल. पण मूळ नाटकात ही स्त्री आहे आणि ज्ञान ही तिची बहीण आहे, तर 'सत्कर्म' नपुंसकलिंगी आहे. म्हणून मी 'पुण्याई' म्हणेन. वाडवडिलांची पुण्याई वारसा म्हणून लाभते अशी आपली समजूत आहे, आणि नाटकात तर फक्त स्वतःच्या कमाईचीच मोजदाद होते, ही या शब्दाची अडचण खरी आहे. तरीही काही सेकंदांत वाचून व्हायच्या पाटीवर 'तुझी पुण्याई' असे लिहिले, तर 'तुझी' या एका शब्दाने ती अडचण बरीचशी दूर होते.

नाट्यप्रकाराला 'रूपकनाट्य' म्हणू नये, असे माझे मत आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात 'रूपक' म्हणजे दृश्यकाव्य, म्हणजे नाटकांसह त्याचे दहाही प्रकार, त्यामुळे 'रूपकनाट्य' म्हटल्यावर घोटाळा होतो. विवेक आणि महामोह यांना रंगमंचावर आणणारे कृष्णमिश्राचे अकराव्या शतकातील 'प्रबोधचंद्रोदय' याच जातीचे आहे, आणि दोन्हींना 'नीतिनाट्य' हे नाव शोभते.