ब्लूमस्टेटचा स्वस्त बेथोव्हेन संच नवख्याने घ्यावा का?

तिहाई:
भाचीला बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, ऐकायच्या आहेत, पैसे बेताचे. मी ब्रिलियंट क्लासिक्स या कंपनीचा पाच सीडींचा संच सुचवला. संचालक हर्बर्ट ब्लूमस्टेट, वाद्यवृंद ड्रेस्डेनचा स्टाट्सकापेले. ही ध्वनिमुद्रणं १९७५ ते १९८० दरम्यान पूर्व जर्मनीच्या सरकारी कंपनीने तिथल्या लूकास चर्चमध्ये केली. नव्याने वाजवून घ्यायचा खर्च नाही, म्हणून किंमत उतरली. वाद्यवृंद मात्र १५४८ पासूनचा. 'इरॉइका'च्या, म्हणजे तिसऱ्या सिंफनीच्या, तिसऱ्या भागात तीन हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) एकत्र येतात ती जागा ऐका. आवाज भरदार, पण कुठेही कर्कश नाही. स्वस्त म्हणजे दुय्यम असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून मग बोलावं.

काळी चार:
वादन उत्तमच. तरी पहिला संच म्हणून माझा विरोध. बेथोव्हेनने १८१७ मध्ये सिंफनींच्या लयीचे आकडे स्वतः जाहीर केले. 'इरॉइका'च्या पहिल्या भागात तीन मात्रांचं एक आवर्तन एका सेकंदात संपायला हवं. ब्लूमस्टेट तिथे बराच संथ आहे. थोडे पैसे साठवून संचालक गार्डिनरचा १९९४ चा, जुन्या घडणीच्या वाद्यांवरचा संच घ्यावा. कानावर पहिल्यांदा बसलेली लय सहजी हलत नाही.

तिहाई:
ख्यालात अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लय आणि आग्रा घराण्याची लय वेगळी, म्हणून आपण एकाला चूक ठरवतो का?

काळी चार:
ख्यालाच्या रचनाकाराने लय आकड्यात लिहून ठेवलेली नसते हो. इथे ठेवली आहे!

तिहाई:
मुद्दा मान्य. पण ते आकडे पाळावेत की नाही यावर संचालकांचंच एकमत नाही. आणि संथ लयीत आतले स्वर सुटे ऐकू येतात, नवख्याला तेच हवं असतं. सातवीचा दुसरा भाग ऐकताना मला व्हायोला (व्हायोलिनहून खालच्या सुराचं वाद्य) पहिल्यांदा इथेच नीट कळला.

पाऊसवाट:
लयीचं तुम्ही बघा. माझी तक्रार संचासोबतच्या माहितीपुस्तिकेची. स्वस्त संचांत ती बहुधा नावापुरती असते. नववीच्या शेवटच्या भागात या संचातला गायक थिओ आडाम उभा राहून गातो, "मित्रांनो, हे सूर नकोत." हे शब्द खुद्द बेथोव्हेनचे, पुढची कविता जर्मन कवी शिलरची. अर्थ न कळता तिथवर पोचलेल्या मुलीच्या हाती नुसता गोंगाट लागेल.

तिहाई:
हे मात्र खरंच सुटलं होतं. शिलरच्या ओळींचा मराठी अर्थ एका कागदावर लिहून संचासोबत देतो. संच मात्र हाच.