रोडबाइकचं माप कसं ठरवलंत? अनुभव सांगा

घाटवेडा
काल माळ्यावरच्या पेटीत बाबांच्या सायकलचं बिल सापडलं. 22 इंची फ्रेम, डायनॅमोसकट. ती आमच्या घरातली एकमेव सायकल, त्यामुळे आम्ही दोघं भाऊ नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो. तेव्हा माप म्हणजे 22 नाहीतर 24, दुकानदार गिऱ्हाइकाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायचा की ठरलं.

आता भाच्याला पहिली रोडबाइक घ्यायचीये आणि तो रोज मला स्क्रीनशॉट पाठवून छळतोय. उंची तीच, 5 फूट 8, पण एका कंपनीच्या तक्त्यात फ्रेम 54 सेंमी, दुसरीकडे एम (मीडियम), तिसरीकडे 52. म्हटलं आधी पायाची आतली उंची मोज. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुस्तक दोन पायांच्या मधे धरून सीटवर बसल्यावर लागेल तसं वर दाबायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायची. 78 सेंमी आलं. जुन्या हिशेबाने गुणिले 0.65 म्हणजे 51 च्या आत-बाहेर, आणि उंचीवरून बघितलं तर 54. म्हणजे पोराचे पाय आखूड, धड लांब (आमच्या घराण्याची देणगी). नुसत्या उंचीवर सायकल घेऊ नये हे त्याला पटलंय, पण मग घ्यावी कशावर? लिहा सगळ्यांनी, काय घेतलीत, काय दुखलं, काय केल्यावर थांबलं.

सासवडकर
मान. माझी मान दुखली, दुसरं काय. दुकानात 56 उरली होती, डिस्काउंट चांगला होता, मालक म्हणाला साहेब सीट खाली घेऊ की, बसेल बरोबर. सीट खाली येते हो पण हँडल कुठे जवळ येतं! खंबाटकी चढेपर्यंत काही वाटायचं नाही, वाईच्या पुढे पसरणीला लागलो की खांदे कानाला टेकायचे आणि करंगळी अन् शेजारचं बोट बधिर, गिअर पडला की नाही ते पण कळायचं नाही. मग स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलला, 110 मिमीचा काढून 80 चा टाकला. मान बरीच सुधारली पण उतारावर हँडल फार चुळबुळ करायला लागलं, एवढ्याशा हालचालीला सायकल वळायची. शेवटी ती 5 फूट 11 वाल्या मित्राला दिली आणि 54 घेतली. तो मित्र त्याच सायकलवर मजेत 300 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करून आला, एक बोट दुखलं नाही त्याचं.

पंक्चरपुराण
पुस्तक कुठलं घ्यायचं ते सांगा आधी, आमच्याकडे सगळी मोबाईलमधे आहेत

अनघा_के
दिवाळी अंक चालेल. जाडी जाहिरातींनी भरून निघते

मृण्मयी ठाणे
मी 5 फूट 1. लोकांना वाटतं सगळ्यात छोटी फ्रेम घेतली की झालं काम, तसं नसतं. एक्सएसला (सगळ्यात छोट्या मापाला) पण चाकं तीच मोठ्या फ्रेमवाली, 700 सी मापाची, त्यामुळे पुढचं चाक पायाच्या फार जवळ येतं. हळू चालवताना हँडल जास्त वळवलं की बुटाचं टोक चाकाला लागतं. वेगात काही होत नाही कारण तेव्हा हँडल एवढं वळतच नाही, पण सोसायटीच्या गेटवर वॉचमन काकांसमोर हमखास. यामुळे घाबरून कोणी एक साइज मोठी घेऊ नका, थोड्या दिवसांत पाय आपोआप सवय करून घेतो.

मला खरा फरक पडला तो तीन गोष्टींनी. हँडल 42 सेंमी रुंद होतं, खांद्यांच्या मापाने 38 चं लावलं. क्रँक (पायडल ज्याला लागतं तो दांडा) 170 मिमीचे काढून 165 चे घेतले, गुडघा वरती येताना पोटात घुसायचा तो थांबला. आणि ब्रेकच्या लिव्हरला आत एक छोटा स्क्रू असतो, तो अॅलन कीने फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते!! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, येऊरच्या उतारावर बोटं ताणून ताणून ब्रेक दाबत होते. दुकानात तर नवऱ्यालाच विचारत होते, मॅडमना हायब्रिड (सरळ हँडलची साधी सायकल) दाखवू का म्हणून. नवऱ्याला सायकल चालवताच येत नाही.

अनघा_के
शेवटच्या वाक्याला कडकडून टाळ्या. लिव्हरचं आत्ता जाऊन बघते, कुकर लावलाय तोवर

विदर्भवाला
6 फूट 2. आमच्या नागपुरात तेव्हा 56 च्या वरची फ्रेम कोणी दाखवूनच नाही राहिलं होतं. 56 वर सीटपोस्ट एवढा वर काढला की त्यावरची कमाल खूण दिसायला लागली. त्या खुणेच्या वर काढू नका रे भाऊ, फ्रेम तडकते. दुसरं म्हणजे सीट तेवढी वर गेली की हँडल खूपच खाली राहतं, कंबर गेली कामातून.

आडव्या नळीच्या जुन्या फ्रेममधे सीटच्या नळीचं माप हेच सायकलचं माप होतं, ते बरोबरही होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीच्या टीसीआर या रोडबाइकने वरची नळी मागे उतरती केली, ती माइक बरोज यांची डिझाइन, आणि मोजक्या तीन साइजमधे भागवायला लागले, बाकीचं सीटपोस्ट आणि स्टेमने जुळवा म्हणे. बाकीचे पण त्याच वाटेने गेले. तेव्हापासून 54 म्हणजे 54 सेंमीची कोणतीच नळी त्या सायकलमधे नसू शकते. फक्त नावाला 54.

बाकी आमच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मधे रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) एकट्याने पुरी केली, ते नागपूरचे, एवढं सांगून ठेवतो 😀

सासवडकर
नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 लाच केली होती बरं का, दोघांच्या टीममधे

विदर्भवाला
आम्ही सोलो म्हणून राहिलो भाऊ

फिजिओ_पण_सायकलवाली
फ्रेम साइज सोडून रॅम चालू झाली 😄 दोन पेशंटच्या मधे लिहितेय, तुटक वाटेल.

घाटवेडा काका, भाच्याला 52, 54, एम हे आकडे विसरायला सांगा. प्रत्येक कंपनीच्या साइटवर भूमितीचा तक्ता असतो, त्यात स्टॅक आणि रीच बघा. पायडलच्या अॅक्सलच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालची पुढची उभी नळी) वरच्या टोकापर्यंत सरळ वर किती तो स्टॅक, पुढे किती तो रीच. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सायकली यावरच नीट ताडून बघता येतात. ढोबळमानाने सांगायचं तर रेसवाल्या 54 चा स्टॅक 540 मिमीच्या आसपास आणि लांब पल्ल्याच्या आरामशीर 54 चा 570-575. एकाच आकड्याच्या दोन सायकली आणि हँडलच्या उंचीत तीन सेंमीचा फरक! वरच्या नळीची लांबी बघून फसू नका, सीटची नळी जास्त उभी असेल तर तेवढ्याच लांबीच्या नळीत रीच जास्त निघतो.

आखूड पाय लांब धड असलेल्याला उतरत्या नळीची फ्रेम बरी पडते, रीच पुरेसा मिळतो आणि उभं राहिल्यावर नळी लागत नाही.

सीटची उंची: 78 गुणिले 0.883, म्हणजे साधारण 69 सेंमी, पायडलच्या अॅक्सलच्या... सॉरी, पायडलच्या नाही, क्रँक जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत (वर पण तेच वाचा). हा ग्रेग लेमाँडमुळे लोकप्रिय झालेला हिशेब, सुरुवात करायला ठीक आहे, नंतर शरीराचं ऐका. गुडघा पुढून दुखतोय तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून दुखतोय तर फार वर. मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डोलताना दिसली तर नक्कीच वर आहे. आणि हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे सरकवू नका, सीट पायांसाठी लावायची असते, हातांसाठी स्टेम आहे.

घाटवेडा
एवढं छान लिहिलंत, पोराला लगेच फॉरवर्ड केलं. तो विचारतोय दोन साइजच्या मधे अडकलो तर छोटी की मोठी?

युट्रेक्टचा_बाळू
छोटी. इथे सेकंडहँड बघायला गेलं की सगळ्या 58, 60, 62. डच माणसं ताडमाड, जाहिरातीत 'छोटी फ्रेम' लिहिलेली 56 निघते. मी 5 फूट 6, शेवटी एका शाळकरी मुलाची लहान झालेली रेसर घेतली, आई सोबत आली होती त्याची, ती पण माझ्यापेक्षा उंच. छोटी फ्रेम लांब स्टेमने वाढवता येते, मोठी कापता येत नाही.

सासवडकर
+1

फिजिओ_पण_सायकलवाली
सरसकट छोटी नको बाळू दादा. छोटीवर सीट वर जाते आणि हँडल आणखी खाली. पंचविशीतला लवचिक भाचा असेल तर चालेल, पण दिवसभर खुर्चीत बसणारा पाठ आखडलेला माणूस असेल तर मी मोठी देईन, स्टेम 10 मिमीने कमी करून. खाली वाकून बोटं जमिनीला लागतात का विचारा त्याला.

घाटवेडा
विचारलं. गुडघ्यापर्यंत लागतात म्हणाला. आयटीत आहे.

पंक्चरपुराण
मग त्याला साइज नको योगासनांचा क्लास लावा

कोल्हापूरकर रंगा
एवढं गणित कशाला लगा. मित्राच्या सायकलीवर ज्योतिबाला जाऊन यायचं, तासाभरात अंग सांगतं काय ते. मी चार दोस्तांच्या चार सायकली मागून चालवल्या मग घेतली. दुकानात पार्किंगमधे दोन चकरा मारून काय कळत नसतं, तिथं सगळ्याच बऱ्या वाटतात

अनघा_के
रंगाभाऊंचं पटतंय. मृण्मयी, तो स्क्रू सापडला गं, रबर उचलल्यावर दिसला! माझी पण एक्सएस आहे, रविवारी येऊरला येतेस का?

मृण्मयी ठाणे
ये की, साडेपाचला गेटपाशी. वर जाऊन मिसळ खायची का नाही ते आधीच ठरवू, मागच्या वेळी यावरून भांडणं झाली होती

पंक्चरपुराण
मिसळ असेल तर मी पण. सायकल नाहीये, रिक्षाने येतो