मदत हवी आहे: कोहाच्या मराठी मार्गदर्शिकेत प्रकरणं कशी लावावीत, शीर्षकं कशी द्यावीत?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून गावातल्या ‘ब’ वर्ग वाचनालयासाठी कोहाची मराठी मार्गदर्शिका लिहितोय. कोहा म्हणजे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी मुक्तस्रोत प्रणाली. न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० साली तिथल्याच एका ग्रंथालयात पहिल्यांदा वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

मूळ इंग्रजी मॅन्युअल मेनूच्या क्रमाने लावलेलं आहे: ॲडमिनिस्ट्रेशन, पेट्रन्स, सर्क्युलेशन, कॅटलॉगिंग वगैरे. आम्हीही तसंच केलं. सर्क्युलेशनला ‘देवघेव’, पेट्रन्सला ‘सभासद’, कॅटलॉगिंगला, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याला, ‘तालिकीकरण’.

मागच्या महिन्यात ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसून पाहिलं. एक वाचक पुस्तक हरवल्याचं सांगायला आला होता. बाईंनी ‘देवघेव’ उघडलं, शेवटपर्यंत खाली गेल्या, काही मिळालं नाही. मग ‘सभासद’. तिथंही नाही. शेवटी त्यांनी कपाटातली दाखल नोंदवही काढली आणि लाल शाईने शेरा मारला. आमचं उत्तर तीन प्रकरणांत विखुरलेलं होतं: प्रतीवर ‘हरवले’ अशी खूण करणं तालिकीकरणात, भरपाईची रक्कम सभासदाच्या खात्यात, आणि त्या खुणांची यादी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये. सगळं लिहिलेलं होतं, पण ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच सापडलं नाही. हे मनाला फार लागलं.

मेनूचा क्रम मोडून कामाप्रमाणे रचना करावी का? डॅनिएले प्रोसिडा यांची डायटॅक्सिस ही मार्गदर्शिकांची मांडणी करायची पद्धत वाचली. धडे, कृती, संदर्भ आणि विवेचन असे चार कप्पे. पटते, पण चाळीस पानांच्या मार्गदर्शिकेला चार कप्पे जड होतील असं वाटतं.

शीर्षकांचंही एकमत नाही. एकाने ‘सभासद नोंदवणे’ लिहिलं, दुसऱ्याने ‘सभासद कसा नोंदवावा?’, मी ‘सभासद नोंदवा’. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे अनुक्रमणिकेत सभासद, दंड, पुस्तक हे शब्दच आधी नजरेत भरतात. हा फायदा घालवायचा नाहीये.

आणखी एक अडचण. साध्या मजकुरातून मार्गदर्शिकेची वेबपानं तयार करायला आम्ही स्फिंक्स हे साधन वापरतो. मराठी शीर्षकाचा दुवा ‘आयडी१’, ‘आयडी२’ असा तयार होतो. मध्येच नवा विभाग घातला की आकडे सरकतात, आणि टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड भलत्याच विभागात नेतो.

प्रतिसाद

दुव्याचं आधी उरकून टाका. प्रत्येक शीर्षकाच्या वरच्या ओळीत रोमन लिपीत स्वतःचं लेबल द्या आणि ते पुन्हा कधी बदलू नका. शीर्षक कितीही वेळा बदललं तरी दुवा तोच राहतो. आतल्या संदर्भांना स्फिंक्सची ‘रेफ’ (ref) ही खूण वापरलीत तर नवं शीर्षक तिथे आपोआप उमटतं.

मेनूची प्रकरणं मोडू नका, मागे संदर्भ म्हणून ठेवा. ‘हे बटण कशाचं?’ विचारणारा माणूस तिथेच शोधणार. पुढे मात्र कामांची प्रकरणं घाला. ‘पुस्तक हरवले तर’ हे एकच पान, त्यात तिन्ही पायऱ्या ओळीने, सविस्तर माहितीसाठी मागचे दुवे. रिकामे कप्पे आधी करून ठेवू नका, डायटॅक्सिसवालेही तेच सांगतात. पहिल्यांदा कोहा बसवताना शाखा, साहित्यप्रकार, सभासद वर्ग आणि मग देवघेवीचे नियम हा क्रम पाळावा लागतो, म्हणून तेवढा एक धडा लिहा.

शीर्षकांत काम असेल तिथे ‘-णे’, संदर्भात नुसतं नाम. आणि नुसती शीर्षकं कागदावर छापून बाईंना द्या. ‘दंड माफ करायचाय, कुठे बघाल?’ असं विचारून त्या बोट कुठे ठेवतात ते पाहा.

मूळ लेखक

मनापासून आभार. लेबलं आज घातली. कागद घेऊन बाईंकडे गेलो. बारापैकी आठ प्रश्नांना पहिल्याच खेपेला बरोबर बोट. चुकलेल्यांत ‘होल्ड’ होतं. आम्ही ‘धारण’ लिहिलं होतं, बाई म्हणाल्या, ‘अहो, राखीव म्हणा ना.’ लगेच बदललं. तुमच्या वाचनालयात ‘रिन्यू’ला काय म्हणतात? ‘मुदतवाढ’ की ‘नूतनीकरण’?